गिअर अडकतोय? आधी वायर बघा

माझी सहा गिअरची सायकल परभणीच्या काळ्या मातीत पंधरा वर्षं चाललीय. पावसाळा सरला की गिअर अडकतात आणि दुकानदार म्हणतो, "डिरेलरच बदला." डिरेलर म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग. तो बदलायची बहुतेक वेळा गरज नसते. खरा चोर मागच्या चाकाजवळचा आउटरचा, म्हणजे गिअरच्या वायरवरच्या नळीचा, वळसा. तिथं चिखलाचं पाणी शिरतं आणि आतच वाळतं.

साखळी सगळ्यात लहान चक्रावर आणा, डिरेलरवर वायर धरणारा बोल्ट सैल करून वायर आउटरमधून ओढून काढा. वळशातला तुकडा चिमटीत फिरवा. खरखर लागली, एखादी तार उसवलेली दिसली, तर नवीनच घ्या. 1.2 मिमीची मागा, नाहीतर ब्रेकची जाड वायर हातात ठेवतात. धड असेल तर फडक्यानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. जाड ग्रीस नको, धूळ धरतं.

वायर परत आउटरमधून ओवा, ताणून बोल्ट आवळा. साखळी मोठ्या चक्रावर चढेना, तर वायर डिरेलरमध्ये शिरते तिथली फिरकी मागून बघत डावीकडे अर्धा फेरा. उतरताना कुरकुरली तर उजवीकडे. साखळीला दोन्ही टोकांना थांबवणाऱ्या एच-एलच्या स्क्रूंना उगीच हात लावू नका. मी लावला होता, साखळी स्पोकांत गेली. नवी वायर आठवडाभरात सैलावतेच. तेव्हा परत अर्धा फेरा.