संशोधनावरील निर्बंधाच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवावी

सरकारने शास्त्रीय संशोधनावर बंधने घालावीत की नाही, यावर चर्चा सुरू झाली की दोन बाजू चटकन पडतात. नागरिकाच्या वाट्याला मात्र हा प्रश्न राजपत्रातल्या एखाद्या मसुद्याच्या रूपाने येतो: अमुक नियमांत सुधारणा करण्याचे योजिले असून त्यावरील हरकती व सूचना अमुक दिवसांत पाठवाव्यात. परळमधील एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या नैतिक दृष्टीने तपासणाऱ्या समितीवर, मी काही वर्षे काम करते. औषधांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा कमिटीत किमान सात सदस्य लागतात, त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक जण सर्वसामान्य नागरिक असावा लागतो. ती जागा माझी आहे. तेथे बसून मसुदे वाचण्याची जी सवय लागली, ती येथे क्रमाने मांडते.

माझे मत आधीच सांगते. बंधन घालण्याचा अधिकार सरकारकडे असलाच पाहिजे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ संमतिपत्रांवर आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. सरकारने तो प्रकल्प एप्रिल २०१० मध्ये थांबवला, आणि तो थांबायलाच हवा होता. परंतु नेमके काय थांबवायचे आहे, कोणत्या कारणाने आणि कधीपर्यंत, हे जे बंधन सांगत नाही, ते मान्य करू नये. मसुदा वाचताना याच तीन गोष्टी शोधायच्या असतात.

मुदत आणि भाषा

मसुदा हाती आला की सर्वांत आधी मुदत मोजावी. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील मसुद्यांना साधारणपणे साठ दिवस मिळतात आणि ते राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात. नव्या विधेयकांसाठी केंद्र सरकारच्या २०१४ च्या पूर्वविचारविनिमय धोरणाने किमान तीस दिवस ठरवले आहेत, मात्र ते धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे प्रत्येक मंत्रालय ते पाळतेच असे नाही. औषधांच्या नियमांची पूर्वप्रसिद्धी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानेच बंधनकारक केली आहे.

मसुदा मराठीत नसेल, तर पहिल्याच दिवशी दोन ओळींचे पत्र पाठवून मराठी पाठ आणि मुदतवाढ मागावी. या मागणीला आधार आहे. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेचा मसुदा फक्त इंग्रजी व हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये भाषांतर करण्याचा आदेश दिला होता.

आता भाषांतर झाले म्हणजे अर्थ पोचला असेही नाही. आमच्याकडे एकदा एका औषधचाचणीचे मराठी संमतिपत्र आले होते. त्यात ‘सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने वाटप करण्यात येईल’ असे वाक्य होते. बैठकीत कोणी अडखळले नाही. मी ते पान वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवले, तर त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “म्हणजे चिठ्ठ्या टाकणार का?” तोच अर्थ होता. पुढच्या बैठकीत ‘कोणाला कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल’ असे वाक्य मंजूर झाले. तेव्हापासून कोणतेही कलम मी आधी मोठ्याने वाचते आणि ज्याला ते पाळायचे आहे किंवा सोसायचे आहे, त्याला ते कळेल का, हे पाहते. मसुद्यावरची निम्मी हरकत या वाचनातूनच तयार होते.

व्याख्या आधी, कलमे नंतर

मसुद्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या नियमात व्याख्या असतात. पुष्कळ लोक त्या ओलांडून पुढे जातात आणि तेथेच फसतात. वर सांगितलेल्या लसीच्या प्रकल्पाला ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ असे नाव दिलेले होते, आणि तो चाचणी नसल्यामुळे चाचणीचे नियम त्याला लागू होत नाहीत, असा युक्तिवाद पुढे झाला. नाव बदलले की निर्बंधातून सुटता येत असेल, तर व्याख्या कच्ची आहे. उलट, शब्द इतके सैल असतील की त्यांत काहीही बसावे, तर तीही तितकीच वाईट. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी संस्थांनी घ्यायच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांसाठी पूर्वपरवानगीचा आदेश निघाला. त्यात राज्याची सुरक्षा आणि सीमा यांच्या जोडीला भारताच्या अंतर्गत बाबींशी संबंधित असलेले विषय, असेही शब्द होते. हवामान, साथरोग, पाणी, यांतला कोणता विषय अंतर्गत बाब नाही? वैज्ञानिकांच्या अकादम्यांनी लेखी आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत तो आदेश मागे घेतला गेला. लिहून काय होते, असे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

निर्बंध कोठे बसतो

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. संशोधनाचे टप्पे वेगवेगळे असतात: प्रश्न विचारणे, प्रयोगशाळेतले काम, माणसांवरची किंवा प्राण्यांवरची चाचणी, शेतात किंवा बाजारात सोडणे, निष्कर्ष प्रसिद्ध करणे. मसुद्यातला प्रत्येक निर्बंध यांपैकी कोणत्या टप्प्यावर पडतो, हे समासात लिहावे, आणि ज्या धोक्याचे कारण दिले आहे तो धोका त्याच टप्प्यावर निर्माण होतो का, हे तपासावे.

हे का करायचे, ते परळपासून कळते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था तीच. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत ठपका परळवर आला, कारण तेथे निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलून कार्बॉलिक आम्ल वापरणे बंद केलेले होते. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, या बाबीला पुढे महत्त्व आले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. जी चूक गावात बाटली उघडताना झाली, तिची शिक्षा शेकडो कोसांवरच्या प्रयोगशाळेला झाली होती. त्या १९ कुटुंबांना न्याय देणारा नियम बाटली हाताळण्याविषयीचा असायला हवा होता.

प्रसिद्धीवरचे निर्बंध मी सर्वांत कडकपणे तपासते. २०११ मध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सस्तन प्राण्यांमध्ये हवेतून पसरू शकेल असे बदल त्यात करणारे दोन प्रयोग पुढे आले, तेव्हा अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने कृतीचे तपशील वगळण्याची शिफारस केली. २०१२ मध्ये सुधारित लेख पाहून मंडळाने आपले मत बदलले आणि दोन्ही लेख प्रसिद्ध झाले. माझ्या मते येथे चर्चा उशिरा झाली. जो प्रयोग इतका धोक्याचा आहे, तो सुरू होण्याआधीच अडवायला हवा. हाती आलेले ज्ञान नंतर झाकून ठेवणे अवघडही असते आणि लस बनवणाऱ्यांचे त्यात नुकसानही होते.

शेवटची तारीख

निर्बंध कधी संपणार, हे मसुद्यात शोधावे. बहुतेक वेळा ते सापडत नाही. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला, म्हणजे कीड रोखणारे जनुक घातलेल्या वांग्याला, ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने संमती दिली. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. शेतकऱ्यांचे आणि ग्राहकांचे म्हणणे ऐकून निर्णय घेण्याची ती पद्धत मला आजही योग्य वाटते. पण त्या स्थगितीला अखेरची तारीख नव्हती. अधिक अभ्यास हवा म्हणून थांबायचे, आणि तो अभ्यास कोण, किती वर्षांत करणार हे ठरवायचे नाही, यामुळे विरोधकांच्या शंकाही फिटल्या नाहीत आणि संशोधकांचे कामही पुढे गेले नाही. दरम्यान बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याच तंत्राच्या वांग्याला परवानगी दिली. याउलट, अमेरिकेने विषाणू अधिक घातक करू शकणाऱ्या प्रयोगांचा निधी ऑक्टोबर २०१४ मध्ये रोखला आणि परीक्षणाची पद्धत ठरल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये ती स्थगिती उठवली. ती पद्धत पुरेशी होती का, यावर मतभेद आहेत. पण थांबण्याला बाहेर पडण्याचे दार होते.

पत्र कसे लिहावे

आरंभी अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक द्यावा. त्यानंतर प्रत्येक हरकतीसाठी नियमाचा क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द आणि कारण, या क्रमाने लिहावे. नुसता विरोध दर्शवणाऱ्या पत्राचा अधिकाऱ्याला उपयोग करता येत नाही. पर्यायी शब्द दिलेले असले की त्यांवर टिपणी लिहावी लागते. समजा, मसुद्यात असे असेल: ‘धोकादायक ठरू शकेल असे कोणतेही संशोधन पूर्वपरवानगीशिवाय करता येणार नाही.’ त्याऐवजी असे सुचवता येईल: ‘अनुसूचीत नमूद केलेल्या सूक्ष्मजीवांची संसर्गक्षमता वाढवणारा प्रयोग जैवसुरक्षा समितीच्या लेखी परवानगीशिवाय करता येणार नाही, समितीने ४५ कार्यदिवसांत सकारण निर्णय द्यावा, या नियमाचा तीन वर्षांनी फेरआढावा घेण्यात यावा.’

निर्णयाची मुदत सुचवताना थोडा विचार करावा. २०१९ च्या नियमांत भारतात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर ३० कार्यदिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते. घातक विषाणूंच्या बाबतीत मौनाला संमती समजणे मला पटत नाही. तेथे मुदत उलटल्यास अपील करता यावे, अशी मागणी करावी. जे कलम योग्य वाटते, त्याला पाठिंबा असल्याचेही त्याच पत्रात लिहावे, कारण चांगली कलमे बहुधा मौनामुळे गळून जातात.

पत्र ई-मेलने पाठवले तरी एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी. सीएसएमटीजवळच्या जीपीओतून मी ती पाठवते आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवते. मुदत संपल्यानंतर दोन महिन्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करावा, शुल्क दहा रुपये. किती हरकती आल्या, माझ्या हरकतीवर काय टिपणी झाली आणि ती कोणत्या कारणाने स्वीकारली किंवा नाकारली, एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील करावे. त्या वेळी ती पावती लागते.