संग्रहालय-जहाजांशी रेडिओ संपर्क: बडोद्यातील हॅम मंडळींनी या चुका टाळाव्यात

साधारणतः जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी जगभरातील संग्रहालय-जहाजे हॅम रेडिओवर, म्हणजे परवानाधारक हौशी मंडळींच्या रेडिओवर, हाक देऊ लागतात. अमेरिकेत कॅम्डेन येथे उभ्या असलेल्या ‘न्यू जर्सी’ या युद्धनौकेवरील हौशी रेडिओ क्लब हा उपक्रम भरवतो आणि किमान 15 जहाजांशी संपर्क साधणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. बडोद्यातून भाग घेणाऱ्यांचा हिरमोड बहुधा घड्याळामुळे होतो, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

उपक्रमाची वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, मोजली जाते, त्यामुळे शनिवारचा आरंभ आपल्याकडे पहाटे 5.30 ला होतो आणि शेवट सोमवारी उजाडताना. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपली तारीख यूटीसीच्या एक दिवस पुढे असते. या वेळातले संपर्क भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे लिहिले, तर जहाजाच्या नोंदीशी ते जुळत नाहीत आणि संपर्काची पोच देणारे क्यूएसएल कार्ड अडकून बसते. लॉगबुकाशेजारी यूटीसी लावलेले वेगळे घड्याळ ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. बडोद्याचा सूर्योदय आणि न्यू जर्सीचा सूर्यास्त जूनमध्ये जवळजवळ एकाच वेळी होतात. ही संधिवेळ दूरच्या संपर्काला अनुकूल असते, हे ठाऊक असलेले अनुभवी हॅमही पहाटेच यंत्रापाशी बसतात आणि रिकाम्या हाताने उठतात. पुष्कळ जहाजांवरचे स्वयंसेवक संग्रहालय उघडे असेपर्यंतच रेडिओ चालवतात, त्यामुळे बँड (वारंवारितेचा पट्टा) उत्तम उघडलेला, म्हणजे दूरचे संपर्क सहज होण्यासारखा, असताना पलीकडे कोणीच नसण्याची शक्यता असते. कॅम्डेनमधले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, लंडनमधले सकाळचे दहा म्हणजे दुपारचे अडीच, आणि पर्ल हार्बरमधल्या ‘मिसुरी’वरचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. असे वेळापत्रक आधी कागदावर मांडून मगच झोपेचे गणित बसवावे.

चाळीस मीटरच्या बँडवर तर नियमच आडवा येतो. अमेरिकी हॅमना तेथे 7.125 ते 7.300 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आवाजी प्रसारण करता येते, तर आपली मर्यादा 7.200 वर संपते. त्यावरच्या वारंवारितेवर एखादे जहाज कितीही स्वच्छ ऐकू येत असले, तरी तेथे माइकचे बटण दाबणे हा परवान्याचा भंग आहे. अशा जहाजाला वीस मीटरच्या बँडवर गाठावे.

वीस मीटरसाठी सुमारे दहा मीटर लांबीचा साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, पुरतो. मात्र तो गच्चीच्या कठड्याला सोयीचा पडतो म्हणून वाटेल त्या दिशेला ताणू नये. बडोद्याहून लंडन वायव्येला आहे आणि डायपोलचा जोर तारेच्या दोन्ही बाजूंना काटकोनात असतो, म्हणून तार ईशान्य-नैऋत्य बांधावी. न्यू जर्सी त्याहून थोडे उत्तरेकडे असले तरी त्याच मांडणीत साधते.

वाऱ्याच्या झोताबरोबर एसडब्ल्यूआरची (अँटेना यंत्राशी नीट जुळते की नाही हे दाखवणारी) सुई उडत असेल, तर यंत्र उघडण्यापूर्वी वर जाऊन तार पाहावी. उत्तरायणात अडकलेला मांजा आपल्या शहरात जूनपर्यंत तारांवर लोंबत असतो. त्याला हिसका बसला की मधल्या जोडावर ताण येतो आणि कोॲक्सची, म्हणजे अँटेनाच्या केबलची, तारांची वेणी एकेका धाग्याने तुटत जाते. बाहेरून टेप शाबूत दिसतो, म्हणून तो सोडवून आतले डाख तपासावे.

खरखरीचा उगम शोधताना रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबली, तर दोष घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जावे. सूर्य मावळताच खरखर थांबत असेल, तर संशय छतावरच्या सोलर इन्व्हर्टरवर घ्यावा, मग तो आपला असो वा शेजाऱ्याचा. शेजाऱ्याचा असल्यास भांडण्याऐवजी अँटेना त्याच्यापासून दूर हलवणे शहाणपणाचे ठरते.

नोंदीतल्या चुका मात्र केवळ निष्काळजीपणाच्या असतात. ‘बेलफास्ट’ हे जहाज उत्तर आयर्लंडमध्ये नसून लंडनच्या थेम्स नदीत आहे आणि त्याचे कॉलसाइन (रेडिओवरचे ओळखनाव) जीबी2आरएन आहे; ‘आयोवा’ लॉस एंजेलिसच्या बंदरात आहे. कॉलसाइनबरोबर जहाजाचे नाव ऐकूनच लिहावे, अंदाजाने नव्हे.

दीवच्या ‘खुकरी’ या युद्धनौकेविषयी आपल्या जवळची मंडळीही गल्लत करतात. 9 डिसेंबर 1971 रोजी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह बुडाली ती फ्रिगेट वेगळी. आज दीवला संग्रहालय म्हणून असलेली ‘खुकरी’ ही 1989 मध्ये नौदलात दाखल झालेली आणि 2021 मध्ये निवृत्त झालेली कॉर्व्हेट (छोटी युद्धनौका) आहे. तेथून प्रसारण करण्याची कल्पना गुजरातमधल्या कोणाही हॅमला मोहक वाटेल, पण परवान्यात स्थानकाचा पत्ता नमूद असतो, त्यामुळे नव्या जागेसाठी आवश्यक ती मान्यता आणि जहाजाच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी हाती येण्याआधी प्रवासाची तिकिटे काढू नयेत. पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात माइक देण्याचा मोहही टाळावा, कारण प्रसारण परवानाधारकानेच करायचे असते.

आणि पाइल-अपमध्ये, म्हणजे अनेक जण एकाच वेळी हाका मारत असताना, जहाज ‘पाच वर’ म्हणत असेल, तर ते पाच किलोहर्ट्झ वर ऐकत आहे. स्प्लिट (बोलण्याची आणि ऐकण्याची वारंवारिता वेगळी ठेवण्याची सोय) न लावता त्याच्याच वारंवारितेवर हाका मारणारा स्वतःचा संपर्क गमावतोच, शिवाय इतरांचे ऐकणेही बिघडवतो.