घरची बदके: पाणी कुठे हवे आणि कुठे नको

परसात तळे नाही म्हणून बदके पाळण्याचा विचार सोडून देणारे पुष्कळ जण भेटतात. वास्तविक खाकी कॅम्पबेल, व्हाइट पेकिन किंवा इंडियन रनर या घरगुती जाती तळ्यावाचून उत्तम राहतात. त्यांना हवे असते ते चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडतील इतके खोल व रोज बदललेले पाणी. ते न मिळाल्यास नाकपुड्यांत खाद्य अडकते आणि डोळे चिकटू लागतात. त्यासाठी पाच-सहा इंच खोल घमेले पुरते, आणि अंग धुण्यासाठी अधूनमधून मोठा टब भरून द्यावा. बदके पाणी काही मिनिटांत गढूळ करतात, म्हणून घमेले केळीच्या किंवा नारळाच्या आळ्याजवळ ठेवावे, म्हणजे ओतलेले पाणी झाडाला खत म्हणून उपयोगी पडते.

पाण्याची ही आवड खुराड्यात मात्र नेऊ नये. बदके कोंबड्यांप्रमाणे काठीवर न बसता जमिनीवरच बसतात, त्यामुळे ओली किंवा कडक फरशी थेट त्यांच्या पायांना बाधते आणि तळव्यांना गाठी व जखमा होतात. प्रत्येक बदकामागे सुमारे चार चौरस फूट जागा धरावी, खाली भाताचे तूस किंवा पेंढा जाड अंथरावा आणि ओला झालेला भाग रोज काढून टाकावा. मुंगूस, रानमांजर आणि भटकी कुत्री यांच्यापासून रक्षण करण्यासाठी बारीक, भक्कम जाळी व घट्ट कडी अत्यावश्यक आहे. जाळी बसवताना खाली पडलेले खिळे व तारांचे तुकडे वेचून घ्यावेत, कारण चकाकणारी वस्तू गिळण्याची बदकांना खोड असते आणि जस्त किंवा शिसे पोटात गेल्यास ती दगावतात.

खाद्याच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका बुरशीचा आहे, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो कमालीचा वाढतो. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे विष कारणीभूत असल्याचे उघडकीस आले; बदकांची पिल्लेही या विषाला विलक्षण संवेदनशील असतात. त्यामुळे मका व पेंड थोडीथोडी आणावी, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी आणि कुबट वास आला तर हळहळ न करता फेकून द्यावी. भिजवलेला भरडा त्या-त्या वेळी संपेल इतकाच द्यावा. खाताना शेजारी पाणी असलेच पाहिजे, नाहीतर कोरडा घास घशात अडकतो. रात्री खुराड्यात पाणी ठेवणार नसाल, तर खाद्यही ठेवू नये. चिरलेला पाला आणि अंडी देणाऱ्या माद्यांना शिंपल्यांची पूड जरूर द्यावी. पाव मात्र टाळावा, कारण त्याने पोट भरते, पोषण होत नाही.

पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायासिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, अधिक लागते. ते कमी पडल्यास पाय वाकडे होतात. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य वापरत असाल, तर ही उणीव कशी भरून काढावी हे पशुवैद्यकांना विचारावे. पहिल्या आठवड्यात सुमारे 32 अंश सेल्सिअस ऊब द्यावी व पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवावी. आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या पिसांना तेलाचा पुरेसा लेप नसतो, म्हणून त्यांना पोहायला सोडून आपण दुसऱ्या कामाला लागू नये. ती भिजून गारठतात आणि मरतात.

बदक कधीही एकटे ठेवू नये. दोन माद्यांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे: नराशिवायही त्या अंडी देतात, आणि नर ठेवायचाच असेल तर एकामागे चार-पाच माद्या हव्यात, अन्यथा तो त्यांना सारखा त्रास देतो. नराच्या शेपटीवरचे वळलेले पीस आणि घोगरा आवाज यांवरून तो ओळखता येतो. पाणथळीवरची हळदी-कुंकू बदके किंवा त्यांची पिल्ले मात्र घरी आणू नयेत. त्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे.

बर्ड फ्लूचा विषाणू बदकांच्या अंगात लक्षणांविना राहू शकतो. त्यामुळे परिसरात साथ असताना त्यांना बंदिस्त ठेवावे, रानपक्ष्यांशी पाणी वाटून घेऊ देऊ नये आणि अचानक मरतूक झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याला त्वरित कळवावे. एरवीही खुराडे साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत.

माद्या बहुधा पहाटे अंडी घालतात, म्हणून त्यांना सकाळी आठ-नऊच्या आधी मोकळे सोडू नये. नाहीतर अंडी गवतात कुठेतरी पडतात आणि आपल्याआधी कावळ्यांना सापडतात.