कांजी आणि हान्झी घरबसल्या शिकताय? मग या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी माझ्या गच्चीवर चार-पाच पोरं जमतात. कुणी अ‍ॅनिमे बघून आलेलं असतं, कुणी जपानात नोकऱ्या आहेत असं ऐकून. एक-दोघं टॉवेलच्या धंद्यातली, त्यांना चिनी मशीनवाल्यांशी बोलायचं असतं. मी मास्तर नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हिशेब लिहितो आणि गेली चौदा वर्षं क्लास न लावता ही अक्षरं गिरवतोय: जपानीत त्यांना कांजी म्हणतात, चिनीत हान्झी. दर नव्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तीन महिन्यांत दोन हजार कांजी करायचा शॉर्टकट सांगा की."

जपानच्या रोजच्या वापराच्या सरकारी यादीत 2136 कांजी आहेत. जपानी पोराच्या दारात, दुकानात, बिस्किटाच्या पुड्यावर हीच अक्षरं असतात, तरी त्यातल्या 1026 शिकायला त्याला प्राथमिक शाळेची सहा वर्षं दिलेली असतात. तू कोण लागून गेलास बे?

असो. चुकांकडे वळतो.

अर्थ पाठ, शब्दाचा पत्ता नाही

ही चूक मी स्वतः केली, आणि चांगली मन लावून केली. पाच महिन्यांत नऊशे कांजी. प्रत्येकीपुढे एकेक मराठी अर्थ: वर, खाली, हात, कागद, मोठा, माणूस. चार वह्या भरल्या. घरात कौतुक, शेजारी कौतुक. डिसेंबरच्या जेएलपीटीसाठी, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेसाठी, आदल्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेलो, मामाकडे उतरलो, रात्री मामींना वही दाखवून भावही खाल्ला.

पेपरात पहिल्याच पानावर एक शब्द: 'वर' आणि 'हात'. दोन्ही कांजी माझ्या ओळखीच्या. खाली हिरागानात, म्हणजे जपानीच्या उच्चार लिहायच्या लिपीत, चार उच्चार, बरोबर असेल तो निवडायचा. मला अर्थ येत होता, उच्चार एकही नाही. हात वर म्हणजे शरणागती असेल, इतपत माझी मजल. तो शब्द होता 'ज्योओझु', म्हणजे एखाद्या कामात तरबेज. पुढे 'मोठा' आणि 'माणूस': उच्चार 'ओतोना', अर्थ प्रौढ व्यक्ती. त्या दोन अक्षरांच्या सुट्या उच्चारांशी 'ओतोना'चं काही नातं नाही. 'आत्ता' आणि 'दिवस' मिळून 'क्योओ', म्हणजे आज. 'हात' आणि 'कागद' हे मी हात पुसायचा कागद समजलो, ते निघालं पत्र. नऊशे कांजी खिशात घेऊन नापास झालो.

कारण साधं आहे. जपान्यांनी अक्षरं चीनमधून घेतली तेव्हा चिनी वळणाचा उच्चार घेतला, आणि त्याच अक्षराला आपला देशी शब्दही चिकटवला. त्यामुळे एकेका कांजीला दोन, चार, कधी सात-आठ उच्चार. रविवारला 'निचियोओबि' म्हणतात. त्यात 'दिवस'वाली कांजी दोनदा येते, एकदा 'निचि' म्हणून, एकदा 'बि' म्हणून. महिन्याच्या एक तारखेला तीच कांजी 'त्सुइताचि'त विरघळून जाते. उच्चारांच्या याद्या घोकून यातलं काही हाती लागत नाही. शब्द शिकला की त्यापुरता उच्चार अंगवळणी पडतो.

आता माझी वही अशी असते: डाव्या पानावर कांजी एकदाच, मोठी. उजव्या पानावर ती असलेले दोन शब्द आणि एक वाक्य. दोन शब्द सापडले नाहीत तर ती कांजी मी सोडून देतो, अजून माझं तिच्यावाचून अडलेलं नाही असं समजून. हे हळू आहे असं पोरं म्हणतात. आहेच हळू. शेंगाचटणी मिक्सरमध्येही होते, पण उखळात कुटल्याशिवाय तिला तेल सुटत नाही.

(चिनीत हा ताप बराच कमी, बहुतेक अक्षरांना एकच उच्चार. अपवाद आहेत. 'चालणे'वालं 'शिंग' बँकेच्या 'यिनहांग' या शब्दात 'हांग' होतं.)

सगळंच चित्र समजणं

व्हिडिओवाल्यांनी लावलेलं खूळ. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं म्हणजे वन, तीन झाडं म्हणजे घनदाट जंगल. पोरगं खूश होतं आणि पुढच्या प्रत्येक अक्षरात चित्र शोधत बसतं. अशी चित्राक्षरं थोडी आहेत. बहुसंख्य अक्षरं जोडकाम असतात: एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची.

सोलापूरकराला हे शिकायला लांब जावं लागत नाही. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि 9 डिसेंबर 1942 ला वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव तीन अक्षरांचं आहे, मराठीत आपण ते 'के दिहुआ' असं लिहितो. पहिलं अक्षर आडनावाचं. त्यात डावीकडे झाड आणि उजवीकडे एक स्वतंत्र अक्षर, ज्याचा अर्थ 'शक्य, चालेल' असा. इथे त्या अर्थाचा काही उपयोग नाही, ते फक्त उच्चारासाठी आलंय. दुसऱ्या अक्षरातही डावीकडे झाडच. तिसऱ्याचा अर्थ 'चीन', आणि पथकातल्या पाचही डॉक्टरांनी ते आपापल्या नावामागे लावलं होतं. माझ्याकडे आलेल्या एका पोरानं त्या पहिल्या अक्षराची गोष्ट रचली होती: "झाडाखाली बसून डॉक्टर म्हणतात, चालेल." गोष्ट गोड आहे, पण उच्चार आठवायला तिचा शून्य उपयोग. उजवा भाग ओळखला असता तर न शिकताही उच्चाराच्या जवळ पोचला असता.

मी एकाच उच्चारभागाची भावंडं एका पानावर ठेवतो. 'हिरवा-निळा' अर्थाचं 'छिंग' घ्या. त्याला पाण्याचे तीन थेंब लावले की 'स्वच्छ', सूर्य लावला की 'निरभ्र', बोलण्याचं अंग लावलं की 'विनंती', मनाचं लावलं की 'भावना'. चिनीत चौघांचाही उच्चार 'छिंग', फरक असला तर फक्त सुराचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा. जपानीत पहिले तिघे 'सेइ', चौथं बहुतेक ठिकाणी 'ज्योओ'. एका बसणीत चार अक्षरं झाली, आणि नवीन बघायचं ते फक्त डावीकडे.

देवनागरीत उच्चार लिहिणं

जपानी वर्णक्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणावर बसवलेला आहे, आ-का-सा-ता-ना. त्यामुळे आपल्याला एकदम घरचं वाटतं आणि आपण प्रत्येक कांजीखाली देवनागरी खरडायला लागतो. इथेच फसतो. आपल्या 'ओ'ला ऱ्हस्व-दीर्घ नाही. 'कोको' म्हणजे 'इथे', आणि दोन्ही ओ लांबवले तर हायस्कूल. वहीत दोन्ही 'कोको'च. हिरागाना आठवड्याभराचं काम आहे, ते आधी करा. या लेखात मी देवनागरी वापरतोय ती नाइलाजानं.

चिनीत तर सुराशिवाय सगळं फुकट. गच्चीवरच्या एकाला रेपिअर लूमचे, म्हणजे कापड विणायच्या मशीनचे, सुटे भाग मागवायचे होते. फोनवर रोमन अक्षरांत 'माय' टाइप केलं, वर जे पहिलं अक्षर आलं ते दाबलं, संदेश पाठवला. 'विकत घेणे' तिसऱ्या सुरातलं, 'विकणे' चौथ्या सुरातलं. चीनच्या सोप्या लिपीत तर 'घेणे'च्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खूण आली की 'विकणे'. समोरच्यानं विचारलं, किती नग आहेत, फोटो पाठवा. यानं आपल्या तुटलेल्या भागाचा फोटो पाठवला. त्यावर समोरून भंगाराचा भाव आला. दोन दिवस लूम बंद. आता तो उच्चारासोबत सुराचा आकडा लिहितो, तोही लाल पेनानं.

बाकीच्या, थोडक्यात

आपण शिरोरेघ शेवटी ओढतो, तसा इथेही रेघांना क्रम आहे. साधा चौकोन म्हणजे तोंड, तो तीन रेघांचा असतो. चार रेघांत काढलात तर रेघा मोजून बघायच्या कोशात सापडणार नाही.

'माती' आणि 'योद्धा' यांत फरक फक्त कुठली आडवी रेघ लांब एवढाच. घ-ध आणि भ-म शिकलेल्या माणसानं यावर रडू नये.

फोनवरचं जपानी अक्षर वहीतल्यापेक्षा वेगळं दिसतं? तुमचा फोन चिनी फॉन्ट दाखवतोय. 'हाड' हे अक्षर बघा, डोक्यातला छोटा चौकोन उलट्या बाजूला गेलेला दिसेल. सेटिंगमधल्या भाषांच्या यादीत जपानी टाका, काम झालं.

दोन्ही भाषा एकदम सुरू करू नका. ज्या 'हात-कागद'नं माझा घात केला, तो चिनीत टॉयलेट पेपर आहे.

आन्कीसारख्या, कार्डं दाखवून उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपात पहिल्या आठवड्यात रोज पन्नास नवी कार्डं टाकायची, मग गड्ड्याच्या जत्रेत चार दिवस गायब व्हायचं, आणि परत आल्यावर सहाशे कार्डं तुंबलेली बघून अ‍ॅपच काढून टाकायचं, हे दर जानेवारीत बघतो. तुंबलं तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि जुनी रोज वीस मिनिटं फेडा. मी दिवसाला पाचच नवी घेतो, सणाला एकही नाही.

आणि वही चौकटीचीच घ्या, मोठ्या चौकटींची. नवी पेठेत मागितली की दुकानदार हमखास विचारतो, "पोरगं कितवीत आहे?" मी पहिलीत सांगतो.