राजकीय कादंबरीत ‘चांगला माणूस’ शोधताना या चुका टाळा

आमच्या वाचनगटात एकदा जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या हुकूमशाहीवरच्या कादंबरीवर गप्पा रंगल्या होत्या. सुरुवातीलाच कुणीतरी जाहीर करून टाकलं, की या अख्ख्या कादंबरीत सज्जन माणूस एकच, विन्स्टन स्मिथ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी शांतपणे विचारलं, “आणि ते अ‍ॅसिडचं काय?”

कुणालाच काही आठवेना. पुस्तक उघडलं. विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्यूलिया, सत्ताधारी पक्षातला बडा अधिकारी पण आतून विरोधक असावा असं त्यांना वाटणाऱ्या ओब्रायनच्या घरी जातात तो प्रसंग. सरकारविरुद्धच्या गुप्त संघटनेत त्यांना यायचंय आणि ओब्रायन एकेक प्रश्न विचारतोय. जीव द्याल? हो. खून कराल? हो. शेकडो निरपराध माणसं मरतील असा घातपात? हो. एखाद्या लहान मुलाच्या तोंडावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड फेकणं संघटनेच्या फायद्याचं ठरलं, तर फेकाल? हो. मग तो विचारतो, तुम्ही दोघं एकमेकांपासून कायमचे दूर व्हाल? इथे ज्यूलिया ताडकन ‘नाही’ म्हणते. विन्स्टनला उत्तर द्यायला बराच वेळ लागतो, पण शेवटी तोही ‘नाही’ म्हणतो. एवढ्या प्रश्नांत नकार फक्त या एका प्रश्नाला.

हे पान मी तोवर तीनदा वाचलं होतं. तीनदा वाचून विसरलो कसा, याचा विचार करताना ज्या चुका सापडल्या, त्या खाली देतोय. बहुतेक माझ्याच आहेत.

छळ झाला म्हणून सज्जन ठरवणं

पहिल्या पानापासून विन्स्टनवर सरकारची पाळत आहे. त्याची डायरी, त्याचा खोकला, त्याची भीती, सगळं आपण त्याच्या शेजारी बसून सोसतो. त्यामुळे दया येते, आणि दया आली की आपण न विचारता चारित्र्याचा दाखलाही देऊन टाकतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्वेलला हे पक्कं ठाऊक होतं. पुढे ओब्रायन सरकारचाच माणूस निघतो. तुरुंगात विन्स्टन त्याला ‘मी तुमच्यापेक्षा श्रेष्ठ आहे’ असं म्हणतो, तेव्हा ओब्रायन काही युक्तिवाद करत नाही. त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण तेवढं ऐकवतो. विन्स्टनचाच आवाज, त्याचेच होकार.

यावर शाळेतलं व्याकरण कामी येतं. पात्राबद्दलची वाक्यं आठवून बघा. त्याला पकडलं, त्याला मारलं, त्याला फसवलं, अशीच वाक्यं आठवत असतील, तर तुम्ही त्याचं दुःख वाचलंय, त्याला वाचलेलं नाही. तो कर्ता आहे अशी वाक्यं शोधा. त्याने काय केलं, काय करायला होकार दिला, कोणाच्या बाबतीत. अशी चार-पाच वाक्यंही सापडत नसतील तर निकाल राखून ठेवावा, हे बरं.

निवेदकाची विशेषणं उसनी घेणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती होतेय हे कळतच नाही. ग्रॅहम ग्रीनची ‘द क्वाएट अमेरिकन’ (१९५५) घ्या. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचं युद्ध चालू आहे. फाउलर हा सायगावमधला इंग्रज बातमीदार. मी कुणाच्या बाजूचा नाही, मी फक्त बातमी देतो, हे त्याचं पालुपद. पाइल हा तरुण अमेरिकी. पुस्तकं वाचून आलेला, सभ्य, लाजाळू, आणि या देशाला फ्रेंचही नकोत, कम्युनिस्टही नकोत, एक ‘तिसरी शक्ती’ हवी अशी ठाम समजूत असलेला. त्या शक्तीला तो स्फोटकं पुरवतो. भर चौकात बॉम्ब फुटतो, सामान्य माणसं मरतात. पाइल आपल्या बुटावरचं रक्त बघतो आणि म्हणतो, मंत्र्याला भेटण्याआधी हे पुसून घ्यायला हवेत.

बुटाचं हे वाक्य वाचलं की पाइलचा निकाल लागल्यासारखाच वाटतो. निरागस, म्हणूनच घातक. पण हा निकाल आपल्याला सांगतोय कोण? फाउलर. आणि फाउलरची प्रेयसी फुओंग त्याला सोडून पाइलकडे गेलेली आहे. त्याच पाइलने मधे एकदा फाउलरचा जीवही वाचवलाय. स्फोटानंतर पाइलला संपवण्याच्या कटात फाउलर मदत करतो. पाइलला जेवायला बोलवायचं आणि खुणेसाठी हातात पुस्तक घेऊन खिडकीशी उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. त्याने हे चौकात मेलेल्यांसाठी केलं की फुओंगसाठी? त्याला स्वतःलाही ते नीट सांगता येत नाही, आणि कादंबरीचा जीव त्याच अडचणीत आहे.

१९६१ साली वेन बूथ या समीक्षकाने ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रुळवली. त्याचा अर्थ निवेदक खोटारडाच असतो असा नाही. फाउलर फारसं खोटं बोलत नाही. तो विशेषणं निवडतो, बस्स. म्हणून उपाय साधा आहे. पेन्सिल घ्या आणि पाइलबद्दलची फाउलरची विशेषणं खोडा. पाइल स्वतः काय बोलतो आणि काय करतो, तेवढंच ठेवा. स्फोटकं आणि बूट शिल्लक राहतात, पण जीव वाचवणंही राहतं. मग हीच कृती फाउलरवर करा. तिथे फार काही उरत नाही, हे माझं मत. तुमचं वेगळं निघू शकेल.

रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’मध्ये (१९१६) तीन निवेदक आहेत, बिमला, तिचा नवरा निखिल आणि त्याचा मित्र, स्वदेशीचा पुढारी संदीप. प्रत्येकजण स्वतःची बाजू स्वतः मांडतो. वाचक तरीही निखिलच्या मुखातून टागोरच बोलताहेत असं धरून चालतो आणि सुटका करून घेतो. पण निखिल स्वतः कबूल करतो, की बिमलाला आपल्या मनातल्या साच्यात घडवायच्या त्याच्या इच्छेत एक जुलूम दडलेला होता. लेखकाचा ‘लाडका’ म्हणून त्याला पूर्ण गुण देऊन टाकले, की लेखकाने मुद्दाम लिहिलेली ही कबुली वाया जाते.

ज्याचे हात स्वच्छ, तोच चांगला असं धरणं

निखिलवरच थांबू जरा. १९०५च्या बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशी चळवळ. विदेशी माल बाजारातून हाकला, असा संदीपचा आग्रह. जमीनदार निखिल आपल्या बाजारात बंदी घालत नाही, कारण विदेशी मालावर पोट भरणारे गरीब विक्रेते देशोधडीला लागतील. इथपर्यंत तो मला मनापासून पटतो. पण हाच माणूस संदीपला आपल्या घरात महिनोन्‌महिने राहू देतो. बिमलाने स्वतःहून निवड करावी, जबरदस्ती नको, म्हणून. या संयमाची किंमत त्याला मोजावी लागते हे खरं. पण ती बिमलाला मोजावी लागते, अमूल्य नावाच्या कोवळ्या मुलाला तर जिवाने मोजावी लागते.

मॅक्स वेबरने १९१९मध्ये म्युनिकला दिलेल्या व्याख्यानात राजकारणातल्या दोन नीतींमध्ये फरक केला होता. एक आपल्या तत्त्वाला जागण्याची, दुसरी परिणामांची जबाबदारी घेण्याची. कादंबरी वाचताना आपण पहिल्या नीतीच्या पात्रांवर भाळतो. ती बोलतात छान, आणि एकांतात त्रास करून घेतात. चिखलात हात घालून पसारा आवरणारं पात्र मात्र आपल्याला कळकट दिसतं.

रॉबर्ट पेन वॉरनच्या ‘ऑल द किंग्ज मेन’मध्ये (१९४६) हीच जोडी समोरासमोर उभी आहे. विली स्टार्क हा राज्याचा गव्हर्नर. लोकांना धाकात ठेवणारा, विरोधकांची जुनी लफडी खणून काढणारा. त्याला गोरगरिबांसाठी मोठं रुग्णालय बांधायचंय, आणि चांगलं हे वाइटातूनच बनवावं लागतं, दुसरं सामानच नसतं, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर अ‍ॅडम स्टॅन्टन निष्कलंक. त्याला विलीच्या पैशाचा स्पर्शही नको असतो. शेवटी विलीवर गोळी झाडतो तो अ‍ॅडम. ज्याला डाग सहन होत नाही तो माणूस, जग डागाळलेलं निघालं तेव्हा पिस्तूल घेऊन आला. म्हणजे विली चांगला, असं मुळीच नाही. विलीची ती सामानाची गोष्ट ऐकताना मी नेहमी एकच विचारतो, की ते वाईट आलं कोणाच्या वाट्याला? विलीकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं, आणि अ‍ॅडमला तो पडतही नाही.

‘हा म्हणजे तो ना?’

राजकीय कादंबरी हातात आली की आपला आवडता खेळ हाच. विली स्टार्क वाचताना अमेरिकी वाचकांना लुइझियाना राज्याचा खराखुरा नेता ह्यूई लाँग आठवला. त्यालाही १९३५मध्ये गोळी घातल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता, त्यामुळे खेळ आणखीच सोपा झाला. खेळायला हरकत नाही. गडबड पुढे होते. खऱ्या नेत्याबद्दलचं मत आपण कादंबरीतल्या पात्रावर चढवतो आणि मग पानावर काय आहे ते बघायचंच सोडतो. अ‍ॅडम, त्याची बहीण, हे सगळं सांगणारा जॅक बर्डन, त्यांच्यातले जुने हिशेब, हे सगळं कादंबरीचं स्वतःचं आहे. विलीला तोलायचं तर याच माणसांच्या संदर्भात तोलता येतं, वर्तमानपत्राच्या कात्रणांवर नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) आला. त्यानंतर कादंबरी उघडली की मुख्यमंत्र्यांच्या जागी अरुण सरनाईक दिसतात आणि पत्रकार दिगू टिपणीस बोलायला लागला की निळू फुले. चेहऱ्याने मत बदलतं. ज्यांनी निळूभाऊंना कायम खलनायक म्हणून पाहिलं, त्यांना दिगूची अस्वस्थता जास्तच भिडते, कारण ती अनपेक्षित वाटते. कादंबरीने ती धक्का म्हणून दिलेली नाही. अशा वेळी मी पात्राच्या नावाऐवजी फक्त त्याचं पद मनात ठेवून वाचतो. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, बातमीदार. चेहरा पूर्ण जात नाही, पण पुसट होतो.

शेवट गोड की कडू, यावरून पात्राला तोलणं हीसुद्धा चूकच. सत्तेवर टिकला म्हणून धूर्त, हरला म्हणून आदर्शवादी. त्यावर जास्त लिहायची गरज नाही. शेवटचं प्रकरण झाकून मत लिहा आणि मग उघडून बघा, ते टिकतं का.

‘सगळेच करडे’ म्हणून हात झटकणं

मावशींच्या प्रश्नानंतर आमच्या गटात हेच झालं. अ‍ॅसिडचं पान वाचून झाल्यावर एकजण म्हणाला, “म्हणजे विन्स्टन आणि ओब्रायन, दोघं सारखेच की. राजकारणात कुणीच धुतल्या तांदळासारखं नसतं.” वाक्य प्रौढ वाटतं. म्हणूनच ते फसवं आहे. विन्स्टनने ‘हो’ म्हटलं, अ‍ॅसिड कुणावरही फेकलं नाही. ओब्रायनने ते म्हणवून घेतलं, नोंदवून ठेवलं, आणि नंतर त्याच माणसाला दिवसेंदिवस यातना देताना त्याचा वापर केला. हा फरक ‘करडा’ या एका रंगात बुडवायचा असेल, तर कादंबरी वाचायची तरी कशाला?

करड्याच्या छटा ओळखायला मला एकच गोष्ट उपयोगी पडते. कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना नाव नसलेल्या पात्रांची यादी करायची. ओब्रायनच्या प्रश्नातलं ते लहान मूल. निखिलच्या बाजारातले विक्रेते. सायगावच्या चौकात मांडीवर आपल्या बाळाचं उरलेलं शरीर घेऊन बसलेली आणि त्यावर स्वतःची गवती टोपी झाकणारी ती बाई. मुख्य पात्रं या माणसांकडे कधी, किती वेळ आणि कशासाठी बघतात, ते पानांच्या क्रमांकासकट टिपून ठेवायचं. फाउलर त्या बाईकडे बघतो. पाइल बुटाकडे बघतो. विन्स्टनला ते मूल आठवतं ते थेट ध्वनिमुद्रण वाजल्यावर.

पुढच्या भेटीला सगळ्यांनी अशा याद्या आणल्या. मावशींची यादी सगळ्यात लांब होती, आणि त्यात त्यांनी एक नोंद माझ्या आवडत्या पात्राच्या नावासमोर तांबड्या शाईने लिहिली होती. मी ते पान उघडून बघितलं. त्यांचं बरोबर होतं.