संगणकीय निसर्गदृश्यात मिश्र जंगल उभारताना या चुका टाळा

जंगल खोटे दिसू लागले की बहुतेक जण झाडांची मॉडेल्स बदलत बसतात. पण दोष बहुधा मॉडेल्समध्ये नसतो, तर कोणते झाड कुठे उभे आहे यात असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रजातींची टक्केवारी ठरवून त्या सगळीकडे सारख्याच विखुरणे. प्रमाण अचूक असले, तरी प्रत्येक कोपऱ्यात तेच मिश्रण आल्याने दृश्य एकसुरी होते. खऱ्या जंगलात जड बिया मूळ झाडाच्या आसपास पडतात आणि काही प्रजाती मुळांतून नवे कोंब काढतात, म्हणून त्यांचे पुंजके तयार होतात. वाऱ्यावर उडणारे हलके बी मात्र दूरच्या मोकळ्या जागीही रुजते. म्हणून प्रत्येक प्रजातीला पर्लिन नॉइजचा (सलग, नैसर्गिक वाटणाऱ्या यादृच्छिक चढउतारांच्या नक्षीचा) वेगळा मास्क, म्हणजे झाडे कुठे किती दाट यावीत हे ठरवणारा नकाशा, द्यावा आणि त्याला उतार, उंची व ओलाव्याच्या मास्कची जोड द्यावी. मास्कच्या कडा मात्र तीव्र ठेवू नयेत. पुंजक्यांच्या सीमेवर प्रजाती एकमेकींत मिसळल्याच पाहिजेत.

खोडे एकमेकांत घुसत असतील, तर प्रत्येक प्रजातीसाठी वेगळी स्कॅटर प्रणाली (झाडे आपोआप विखुरणारी सोय) चालवली आहे का ते तपासावे. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील पॉयसन डिस्क ही बिंदू विखुरण्याची पद्धत किमान अंतर पाळते, पण ते एकाच वितरणातील बिंदूंपुरते, म्हणजे झाडांच्या जागांपुरते. शेजारच्या वितरणाची तिला कल्पना नसते. आधी सर्व बिंदू एकत्र पाडावेत आणि मग त्यांना प्रजाती नेमून द्यावी, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. संगणकीय चित्रणाचे संशोधक ओलिव्हर डॉयसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर प्रत्येक रोपाभोवती वर्तुळ कल्पून, वर्तुळे एकमेकांवर आली की दुबळे रोप वगळले जाते. त्यामुळे मोठ्या झाडांमधील अंतर आपोआप वाढते.

सगळी झाडे एकाच वयाची असतील, तर जंगलाला लागवडीची कळा येते. येथे केवळ आकार लहानमोठा करून भागत नाही, कारण छोटे केलेले प्रौढ झाड रोपासारखे दिसत नाही. रोपांची वेगळी मॉडेल्स हवीत. सावली सोसणाऱ्या प्रजातींची रोपे छत्राखाली आणि उजेड मागणाऱ्यांची कडेला किंवा पडलेल्या झाडाच्या मोकळ्या जागेत ठेवावीत.

उतारावरची झाडे तिरकी दिसत असतील, तर पृष्ठभागाच्या नॉर्मलनुसार (त्याला लंब असलेल्या दिशेनुसार) फिरवण्याचा पर्याय बंद करावा. चढावरही खोड साधारण सरळ वरच वाढते.