जपानी कांजी टिकली ती गोष्टी वाचून

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी वर्षभर कांजीची, म्हणजे जपानी चित्राक्षरांची, कार्डं घोकली, तरी ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणं आणि ‘मोत्सु’ म्हणजे हातात धरणं, यांच्या कांजीत माझी रोज गफलत व्हायची. दोन्हींत उजवीकडे तेच ‘देऊळ’ अर्थाचं चिन्ह! मग तादोकूची, म्हणजे भरपूर वाचनाची, शून्य पातळीची सचित्र पुस्तकं नेटवर मोफत मिळाली. कांजीवर तिचा उच्चार सांगणारा बारीक फुरिगाना असतोच. जड गेला तो एक नियम: शब्दकोश उघडायचा नाही, अडलं तर पुढे जायचं. सकाळी चहाबरोबर एक गोष्ट, मोठ्याने. एकीत कुणीतरी स्टेशनवर ताटकळलेलं. चार पानांत ‘मात्सु’ तीनदा आला आणि डोळ्यांत बसला. डावीकडे हात दिसला की ‘मोत्सु’. आता फुरिगाना बोटाने झाकून वाचते.